समुद्रावर थांबण्याची विद्या

वऱ्हाडात विहीर खणणाऱ्याला जमिनीचे थर तोंडपाठ असतात. वर काळी, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पत्थर. हा पत्थर म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला आणि आजही तो जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. गाविलगडचा डोंगर त्याचाच. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र या पत्थरावर गाळ साचला आहे आणि तो शेकडो मीटर जाड आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या 894 गावांचा खारपाणपट्टा याच गाळावर वसला आहे. पूर्णा सातपुड्यात, बैतुल जिल्ह्यात उगम पावते, वऱ्हाड ओलांडते, चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापीतून सुरतेपाशी अरबी समुद्रात जाते. वावरातली माती पावसाळ्यात वाहून जाते, ती शेवटी तिकडेच.

हा पत्थर कुठून आला आणि इथला पाऊस किती जुना आहे, हे दोन्ही प्रश्न वऱ्हाडाच्या जिव्हाळ्याचे. त्यांच्या उत्तराचा मोठा भाग समुद्राच्या तळाखाली दडला होता. तिथे पोचायचं तर तीन-साडेतीन किलोमीटर खोल पाण्यावर जहाज एका जागी उभं करायचं, त्यातून नळी खाली सोडायची आणि तळात छिद्र पाडायचं. एवढ्या खोलीत नांगर टाकून भागत नाही. खालची नळी वाकून तुटू नये म्हणून वारा, लाटा आणि प्रवाह कितीही ढकलोत, जहाजाला आठवडेच्या आठवडे जागा सोडता येत नाही. ही विद्या माणसाला साधली ती फक्त गेल्या साठ-पासष्ट वर्षांत.

सुरुवात झाली 1961च्या वसंतात, मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ. पृथ्वीचं कवच भेदून आतल्या मँटलपर्यंत पोचायचं, असा अमेरिकी शास्त्रज्ञांचा बेत होता. प्रकल्पाचं नाव मोहोल आणि प्रमुख विलार्ड बॅस्कम. चार तेल कंपन्यांनी मिळून बांधलेली ‘कस-1’ ही बार्ज त्यांनी घेतली आणि तिच्या कडांना चार फिरते पंखे बसवले. साधं जहाज पुढे जातं किंवा मागे येतं. हे पंखे मात्र कोणत्याही दिशेला वळवून पाण्याचा झोत सोडता येत होता. बार्जभोवती खोल पाण्यात बोये अडकवून ठेवले होते. रडार आणि सोनारवर त्यांची अंतरं पाहत एक माणूस हाताने चारही पंखे चालवी. खाली पाणी होतं सुमारे 3,560 मीटर.

बार्ज जागेवर राहिली. तळावरचा सुमारे 170 मीटरचा गाळ भेदून नळी कठीण दगडाला लागली आणि काही मीटर लांबीचा दगड वर आला. तो बेसाल्ट होता. खोल समुद्रातल्या गाळाखालचा खडक माणसाने पहिल्यांदाच असा खणून वर काढला. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक त्या मोहिमेवर होते आणि ‘लाइफ’ मासिकासाठी त्यांनी तिचा वृत्तांत लिहिला. मँटलपर्यंत पोचण्याचा प्रकल्प पुढे खर्चापायी गुंडाळला गेला. नांगराशिवाय उभं राहता येतं, ही गोष्ट मात्र सिद्ध झाली होती.

त्याच वर्षी शेल कंपनीच्या हॉवर्ड शॅटो यांनी ‘युरेका’ नावाच्या छोट्या जहाजावर माणसाचा हात काढून घेतला. जहाज किती आणि कुठे सरकलं हे यंत्रच मोजणार आणि पंख्यांना हुकूमही यंत्रच देणार. समुद्रावर या पद्धतीला डायनॅमिक पोझिशनिंग म्हणतात. खलाशांच्या तोंडी ती नुसती ‘डीपी’, आणि ते पंखे म्हणजे थ्रस्टर.

1968मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ निघालं आणि या विद्येने भूशास्त्राचा चेहरा बदलला. हे जहाज तळावर ध्वनी सोडणारं एक यंत्र टाकी. त्याचा आवाज जहाजाखालच्या वेगवेगळ्या श्रवणयंत्रांवर वेगवेगळ्या क्षणी पोचे. त्या क्षणांतल्या फरकावरून संगणक जहाजाची जागा काढी आणि थ्रस्टर चालवी. दक्षिण अटलांटिकमध्ये मध्यवर्ती डोंगररांगेपासून जसजसं दूर जावं तसतसा तळ जुना होत जातो, हे या जहाजाने काढलेल्या गाळानेच दाखवलं. खंड सरकतात या कल्पनेला त्यातून भक्कम आधार मिळाला. 1972मध्ये ते अरबी समुद्रातही येऊन खणून गेलं.

पण हे नियंत्रण अजून फार धसमुसळं होतं. लाट येते, जहाज मीटरभर सरकतं आणि चार-सहा सेकंदांत परत येतं. प्रत्येक लाटेला यंत्र उत्तर देऊ लागलं तर थ्रस्टर नुसते धापा टाकतात, झिजतात, इंधन जळतं आणि हाती काही लागत नाही. झगडायचं असतं ते वारा आणि प्रवाह जहाजाला सावकाश, एकाच बाजूला ढकलत नेतात त्याच्याशी. ही दोन सरकणी वेगळी कशी ओळखायची? नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या जेन्स बाल्खेन यांनी त्यासाठी काल्मन फिल्टर नावाचं गणित वापरलं. जहाजाचं वागणं कसं असतं याचा एक नमुना संगणकात ठेवायचा. ते पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज त्यावरून बांधायचा आणि प्रत्यक्ष मोजमाप येताच तो सुधारायचा. लाटेची ये-जा त्यात बाजूला पडते आणि खरी घसरण तेवढी उरते. 1977मध्ये कॉंग्सबर्ग कंपनीची अशी यंत्रणा ‘सीवे ईगल’ या पाणबुड्यांना मदत करणाऱ्या जहाजावर बसली. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या धंद्याने ती उचलून धरली आणि मग जगभर तोच रिवाज झाला.

गणित सुटलं, तरी पाणी आपल्या जागी होतंच. संगणक हुकूम देतो तो इतक्या टन जोराचा. तेवढा जोर थ्रस्टर खरोखर देतो का, हे तो ज्या पाण्यात फिरतो त्यावर ठरतं, आणि ते पाणी बऱ्याचदा शेजारच्या थ्रस्टरनेच ढवळलेलं असतं.

थ्रस्टर पाणी खेचतो आणि वेगाने मागे फेकतो. जोर मिळतो तो पाण्याचा वेग वाढवण्यातून. आधीच वेगात असलेलं पाणी समोरून आलं, तर वाढवायला उरतं थोडं. अकोल्याच्या मे महिन्यात एका कूलरच्या झोतात दुसरा कूलर त्याच तोंडाने ठेवला, तर दुसऱ्याच्या वाट्याला उरलेलंच काम येतं, तसं हे आहे. दोन थ्रस्टर एका रेषेत आणि अगदी जवळ असले, तर मागच्याचा जोर निम्म्यापर्यंत घटू शकतो. पुढचा वीस-तीस अंश वळवला, की मागच्याचा बराचसा जोर परत येतो.

जहाजाचा तळही या झोतात लुडबुड करतो. जवळच्या पृष्ठभागाला चिकटून वाहण्याची पाण्याच्या झोताला खोड आहे. थ्रस्टरचा झोत तळाला लागून घासत जातो, कडेच्या गोलाईवरून वर वळतो, आणि जहाजाला जी ढकल मिळायला हवी तिचा एक भाग तिथेच खर्ची पडतो. दोन तरंगत्या पायांवर उभ्या असलेल्या तेलविहिरीच्या तराफ्यांत तर एका पायाखालून सुटलेला झोत थेट दुसऱ्या पायावर आदळतो. मोठ्या लाटेत थ्रस्टर पृष्ठभागाजवळ आला आणि त्याने हवा ओढली, तर जोर एकाएकी कोसळतो. यातलं काहीच वरून दिसत नाही. डीपी चालवणाऱ्या अधिकाऱ्याला पडद्यावर दिसतो तो पंख्याचा वेग आणि वापरलेली वीज. खाली पाणी त्या विजेचं काय करतं, ते त्याला जहाजाच्या वागण्यावरूनच ताडावं लागतं.

म्हणूनच या विषयाचा मोठा अभ्यास झाला तो पाण्याच्या टाक्यांत, छोट्या प्रतिकृतींवर. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला 1992मध्ये नीनहाउस यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. 2010च्या सुमारास वागेनिंगेनच्या मारिन संस्थेत झोताचं चित्रच घेतलं गेलं. टाकीच्या पाण्यात बारीक कण सोडायचे, लेझरच्या पातळ पडद्याने त्यांचा एक काप उजळायचा, लागोपाठ दोन छायाचित्रं घ्यायची आणि प्रत्येक कण किती सरकला यावरून जागोजागचा वेग काढायचा. झोत कुठे पसरतो, तळाला कुठे चिकटतो, हे डोळ्यांना दिसू लागलं. जहाज बांधणाऱ्यांनी त्यातून दोन उपाय पक्के केले. एक, थ्रस्टरचं तोंड काही अंश खाली कलतं ठेवायचं, म्हणजे झोत तळाखालून मोकळा निसटतो. दुसरा, संगणकातच काही कोन वर्ज्य करायचे. या दिशेला तोंड केलंस तर शेजाऱ्याच्या तोंडावर पाणी मारशील, तेव्हा तिकडे वळायचं नाही, अशी प्रत्येक थ्रस्टरला ताकीद असते.

ही विद्या महाराष्ट्राच्या दाराशी आली ती तेलामुळे. फेब्रुवारी 1974मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर तेल शोधलं. ‘सागर सम्राट’ला थ्रस्टरची गरज नव्हती. तिथे पाणी आहे सुमारे 75 मीटर आणि तो तराफा आपले पोलादी पाय तळावर रोवून उभा राहतो. एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला तो छापलेला आहे. मे 1976मध्ये उत्पादन सुरू झालं आणि मुंबई हाय नावाच्या या तेलक्षेत्रावर पोलादी प्लॅटफॉर्मांचं एक गावच उभं राहिलं. त्यांच्या खांबांची, नळांची, पाण्याखालच्या जोडांची देखभाल पाणबुडे करतात. पाणबुडा खाली असताना वरचं जहाज सरकलं तर त्याच्या जिवावर बेततं. त्यामुळे प्लॅटफॉर्मजवळ डीपीची जहाजं आली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. खोल समुद्रात खणणाऱ्या जहाजाला खोलीच्या दोन-तीन टक्के सरकण्याची मुभा असते. साडेतीन हजार मीटर पाण्यावर ती शंभरेक मीटर होते. 75 मीटर पाण्यात तेवढीच टक्केवारी धरली तर उरतात दोन मीटर. प्लॅटफॉर्मला खेटून उभं राहायचं असेल, तर चूक सुधारायला जागाच नसते. खोल समुद्र भयंकर वाटतो, पण डीपीची खरी कसोटी लागते ती उथळ पाण्यात, पोलादाच्या शेजारी.

27 जुलै 2005. आदल्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मुंबई पाण्याखाली होती. मुंबई हायवर समुद्र खवळलेला होता. ‘समुद्र सुरक्षा’ हे ओएनजीसी या तेल कंपनीचं बहुउद्देशीय मदत-जहाज तेलक्षेत्रात पाणबुड्यांच्या कामावर होतं. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ते चालवत असे. जहाजावरच्या आचाऱ्याच्या बोटांना मोठी इजा झाली. हवा अशी की हेलिकॉप्टर उतरवता येईना. त्याला क्रेनने उचलून मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं.

जहाज वाऱ्याच्या बाजूने प्लॅटफॉर्मकडे आलं. म्हणजे वारा आणि लाटा त्याला प्लॅटफॉर्मकडेच ढकलत होत्या. जवळ येताना संगणकाच्या मदतीने चालणाऱ्या थ्रस्टरमध्ये बिघाड जाणवला, तेव्हा हाताने नियंत्रण घेऊन जहाज पाठमोरं आणलं गेलं. आचारी क्रेनने सुखरूप वर गेला. ज्यासाठी जहाज आलं होतं ते काम झालं होतं. आता फक्त दूर व्हायचं होतं.

तेवढ्यात लाटांनी जहाज प्लॅटफॉर्मकडे लोटलं. जहाजाच्या हेलिडेकची कड प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या गॅसच्या उभ्या नळाला लागली. नळ फुटला आणि गॅसने पेट घेतला. आग शेजारच्या नळांवर गेली आणि समुद्राखालच्या लांबलचक वाहिन्यांतला वायू तिला खाद्य पुरवत राहिला. सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळून समुद्रात गेला. पुलांनी जोडलेले शेजारचे प्लॅटफॉर्म आणि जवळ उभा असलेला एक खोदकामाचा तराफाही होरपळला. तिथे असलेल्या 384 जणांपैकी 362 जणांना नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी पंधरा तासांच्या धडपडीत वाचवलं. 22 जण गेले.

‘समुद्र सुरक्षा’वर सहा पाणबुडे दाबाच्या कोठडीत होते. खोल पाण्यात काम करणाऱ्याचं शरीर त्या दाबाला सरावलेलं असतं. दाब हळूहळू उतरवल्याशिवाय त्याला बाहेर काढलं तर रक्तातला वायू बुडबुडे होऊन त्याचा जीव घेतो. त्यामुळे जळत्या जहाजावरून ते पळूही शकत नव्हते. छत्तीस तासांनी त्यांना सुखरूप काढण्यात आलं. 1 ऑगस्टला जहाज बुडालं.

या दुर्घटनेचं खापर एकट्या थ्रस्टरवर फोडता येत नाही. नळ प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या बाजूला उघडे होते, जहाज वाऱ्याच्या बाजूने आलं होतं आणि हवामानच तसलं होतं. पण जहाज जागेवर राहण्यासाठी खाली पंखे काय करतात, पाणी त्यांना कधी दगा देतं आणि तसं झालं तर निसटायची वाट कोणती, हे प्लॅटफॉर्मजवळ जाण्याआधी पक्कं असावं लागतं. आज डीपीच्या जहाजांची प्रतवारी केलेली असते. एखादं इंजिन, एखादा संगणक किंवा एखादा थ्रस्टर बंद पडला तरी जहाजाने जागा सोडू नये, अशी दुसऱ्या दर्जाच्या जहाजाकडून अपेक्षा असते. तिसऱ्या दर्जात तर एक अख्खी खोली आगीत किंवा पाण्यात गेली तरी जागा सुटता कामा नये.

नांगरावर विसंबावं तर तोही निर्धोक नाही. मे 2021मध्ये तौक्ते चक्रीवादळात याच तेलक्षेत्रात पी-305 या बार्जचे नांगर तुटले. बार्ज वाहत गेली आणि बुडाली. तिच्यावर 261 जण होते. त्यांतले सत्तरएक परतले नाहीत.

तेलक्षेत्रावर हे सगळं घडत होतं, त्याच काळात समुद्राच्या खोल भागात या विद्येने वऱ्हाडाच्या पत्थराचा माग काढला. 1987मध्ये ‘जॉइड्स रेझोल्युशन’ हे 143 मीटर लांबीचं खणणारं जहाज मॉरिशसहून निघालं. त्याला जागेवर धरायला 12 थ्रस्टर आणि दोन मुख्य पंखे होते. हिंदी महासागरात त्याने एका रांगेत खणत बेसाल्ट वर काढला. मालदीवजवळचा निघाला सुमारे 5 कोटी 70 लाख वर्षांचा आणि त्याच्या दक्षिणेला, चागोसजवळचा सुमारे 4 कोटी 90 लाख वर्षांचा. उत्तरेकडे जावं तसं वय वाढत जातं आणि रांगेच्या टोकाला येतो 6 कोटी 60 लाख वर्षांचा दख्खन. पृथ्वीच्या आतली एकच तप्त जागा, तिच्यावरून भारताचं भूखंड उत्तरेला सरकत गेलं आणि तिच्या खुणा मागे राहत गेल्या. आज ती जागा रियुनियन बेटाखाली आहे. गाविलगडच्या कड्यांचा लाव्हा तिथूनच उसळला, हे मत त्या मोहिमेनंतर बळकट झालं.

31 मार्च 2015 रोजी तेच जहाज कोलंबोहून अरबी समुद्राकडे निघालं. मोहिमेचा क्रमांक 355 आणि विषय मान्सून. दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि दुसरे पीटर क्लिफ्ट. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 475 किलोमीटरवर, समुद्रतळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात, 3,640 मीटर पाण्यावर जहाज उभं राहिलं. पहिल्या जागी ते तळाखाली 1,109 मीटर खोल गेलं. दुसऱ्या जागीही जवळपास तितकंच, आणि तिथे नळी तळाच्या बेसाल्टपर्यंत पोचली.

वर आलेला गाळ मुख्यत्वे सिंधू नदीचा होता. पण त्यात नर्मदा-तापीच्या बाजूने, म्हणजे दख्खनवरून आलेल्या मातीचाही वाटा होता. पूर्णेचं पाणी तापीतूनच समुद्राला मिळतं, तेव्हा या मातीत वऱ्हाडाचा अंश मानायला हरकत नाही. सुमारे 1 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी भारताच्या किनाऱ्याकडून एक अजस्र दरड समुद्रतळावर कोसळली होती. तिच्या राडारोड्यातूनही नळी गेली. शास्त्रज्ञांनी त्या दरडीला नटराज नाव दिलं आहे. आणि सुमारे 74 लाख वर्षांपूर्वीच्या थरांत झाडोरा हटून उष्ण प्रदेशातलं गवत पसरल्याच्या खुणा मिळाल्या. पावसाचा ढंग तेव्हा बदलत होता. कोरडवाहू कापूस आणि तुरीवर जगणाऱ्या मुलखाला मान्सूनच्या इतक्या लांबच्या चढउतारांशी देणंघेणं नाही, असं कोण म्हणेल? मोहीम 31 मे रोजी मुंबईत संपली, पावसाच्या तोंडावर.

‘जॉइड्स रेझोल्युशन’चं काम 2024मध्ये थांबवण्यात आलं. भारताकडे ‘सागर निधी’ हे डीपी असलेलं संशोधन-जहाज 2008पासून आहे. पण तळाखाली हजार मीटर खणणारं संशोधन-जहाज अजून नाही, आणि ते असायला हवं. मोहीम 355मध्ये काढलेले गाळाचे आणि दगडाचे स्तंभ जपानमधल्या कोची शहरातल्या भांडारात जपून ठेवले आहेत. मोहिमेवरच्या शास्त्रज्ञांसाठी राखलेली मुदत संपून बरीच वर्षं झाली. आता जगातला कोणताही अभ्यासक रीतसर अर्ज करून त्यांचे नमुने मागू शकतो. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात आणि वऱ्हाडातल्या महाविद्यालयांत भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हा अर्ज करावा. त्या स्तंभांत तापीच्या बाजूने आलेली माती किती आणि कोणत्या काळातली, हे शोधण्यावर त्यांचा हक्क इतर कुणाहून कमी नाही.